एकरी उतारा आणि हिशेबाबाहेरची माणसे

१

बी. ए. च्या अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न फिरून फिरून येतो : 'हरितक्रांतीचे फायदे व तोटे स्पष्ट करा.' अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी हा विषय शिकवतो. या प्रश्नाची शेकडो उत्तरे मी तपासली आहेत. उत्तर ठरलेले असते. फायद्यांत धान्याची स्वयंपूर्णता, सुधारित बियाणे, शेतकऱ्याच्या उत्पन्नात वाढ. तोट्यांत जमिनीचा कस गेला, पाणी दूषित झाले, प्रादेशिक विषमता वाढली. पाच फायदे, पाच तोटे. दहापैकी सात गुण. पण तोटा झाला तो नेमका कोणाचा झाला, हे मात्र कुठल्याच उत्तरात नसते. पाठ्यपुस्तकात नाही म्हणून विद्यार्थ्यांच्या वहीत नाही, आणि वहीत नाही म्हणून परीक्षकाच्या मनातही येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गाला एक साधे काम दिले. घरच्या एका हंगामाचा हिशेब लिहून आणायचा. ज्यांच्या घरी वावर आहे त्यांनी तो व्यवस्थित आणला : बी, खत, फवारणीचे औषध, डवरणी, निंदण, वेचणी, गाडीभाडे, आणि समोर कापसाचे, तुरीचे, सोयाबीनचे पैसे. बहुतेकांचा हिशेब तोट्यात होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. बौद्ध, मातंग, कोरकू अशा भूमिहीन घरांतील मुलामुलींच्या कागदावर एका बाजूला मिळालेली मजुरी होती आणि दुसरी बाजू कोरी होती. त्यांतील एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, आमचा खर्च काय लिहू? आमचं तर वावरच नाही."

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा ते उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

२

वऱ्हाडात नगदी कापूस हायब्रीडबरोबर आला, असा एक गैरसमज आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा साहेबाची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. म्हणजे अमेरिकेतील काळ्या गुलामाची बेडी तुटत असताना त्याच्या वाट्याचा कापूस वऱ्हाडातल्या माणसाने पिकवायचा होता. त्याच दशकात अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे गेली. पडीत आणि चराईच्या जमिनी मोडून कापूस वाढला. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात देशातील एक सुपीक प्रांत म्हणून मिरवणाऱ्या या भागात माणसे अन्नावाचून मेली. कापूस खाता येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तरीही त्या काळच्या कापसाची जात इथलीच होती. बनी, जरी अशा नावांचा गावरानी कापूस खोल मूळ धरणारा, कमी पाण्यावर तगणारा आणि किडीला सहसा न बधणारा होता. त्यातल्या जरीचा धागा आखूड, म्हणून बाजारात भाव कमी. बी घरचेच. ओळींतून तूर, ज्वारी, मूग असे.

हे चित्र पुढल्या पन्नास वर्षांत पालटले. १९६४ साली 'सीएसएच-१' हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. १९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून 'संकर-४' हे कापसाचे वाण बाहेर पडले. व्यापारी लागवडीचे ते जगातील पहिले संकरित कापूस वाण. २००२ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली आणि थोड्याच वर्षांत वऱ्हाडातील जवळजवळ सगळी पऱ्हाटी बीटी झाली.

संकरित बियाण्याचे दोन गुणधर्म कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजेत. पहिला, त्याचा जोर पहिल्या पिढीत असतो. घरची सरकी ठेवून पुढल्या वर्षी पेरली तर पीक एकसारखे येत नाही. म्हणून बी दरसाल विकत घ्यावे लागते. दुसरा, हे बी एकटे येत नाही. भरपूर खत आणि वेळेवर पाणी मिळाले तरच ते बोलल्याप्रमाणे उतारा देते. पंजाबात कालव्याचे पाणी होते. वऱ्हाडात बहुतांश पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर उभी असते. ओलिताच्या शेतीचा खर्च कोरडवाहू शेतीवर लादला गेला. उतारा मात्र पावसाच्या मर्जीवर राहिला. पाने लाल पडून झाड थिजते, ज्याला शेतकरी 'लाल्या' म्हणतो, त्यामागे बोंडांच्या भाराला जमिनीतून न पुरलेले अन्न हे एक मोठे कारण आहे.

३

आता औषधाकडे वळू. विषाला आपण औषध म्हणतो, यातच पुष्कळ काही आले.

१९९० च्या दशकात देशाच्या लागवडीखालील क्षेत्रात कापसाचा वाटा सुमारे ५ टक्के होता आणि देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी कापसावर पडत होती. असे का झाले? फवारणीने अळी मरते, तशीच अळी खाणारे ढालकिडे आणि इतर मित्रकीटकही मरतात. ज्या थोड्या अळ्या विष पचवून वाचतात त्यांचीच पैदास पुढे वाढते. मग मात्रा वाढवायची, दोन औषधे एकत्र करायची, नवे औषध आणायचे. १९८७-८८ च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम भागात हे घडले. पुढे तेच आपल्याकडे झाले.

बीटी कापसाने यावर तोड काढल्याचे सांगितले गेले आणि पहिली काही वर्षे हिरव्या बोंडअळीवरची फवारणी खरोखरच कमी झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा परिणाम होत नाही. शिवाय शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावणे हा तंत्राचाच भाग होता, म्हणजे अळीला सवय जडू नये. ते बी पिशवीत वेगळे येत असे आणि पुष्कळदा धुऱ्यावर फेकले जात असे. त्यात चार पैसे अधिक मिळावेत म्हणून फरदड ठेवण्याची प्रथा. त्यामुळे गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत घर मिळाले. २०१७ च्या हंगामात ही अळी बीटीला न जुमानता विदर्भभर पसरली.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात पोचली. अकोला, अमरावती, बुलढाण्यातूनही बाधितांच्या बातम्या आल्या. पऱ्हाटी त्या वर्षी पुरुषभर उंच वाढली होती, हवा दमट होती, पाठीवर यांत्रिक पंप होते. विष खाली न पडता नाकातोंडावर येत होते. मेलेल्यांत लहान शेतकरी होते तसे मजूरही होते. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून एक वाक्य सर्रास छापून येई : शेतकऱ्यांनी निष्काळजीपणा केला. पंप कोणाचा, औषध कोणी आणले, मिश्रण कोणी ठरवले आणि पाठीवर कोणाच्या चढवले, हे त्या वाक्यात येत नाही.

मला ते वाक्य ओळखीचे वाटले. २००१ साली मी सातवीत होतो. ऑगस्टचे दिवस होते. माझा बा गावातल्या एका मोठ्या वावरात सकाळपासून पंप मारत होता. मजुरी पंपामागे ठरलेली. म्हणजे जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, आणि तितकेच विषही. दुपारी त्याला तिथेच धुऱ्यावर सोडून लोक घरी सांगायला आले. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या, घामाने अंग निथळलेले. निरोप असा होता की, "दारू पिऊन पडला, घेऊन जा." माझी माय त्या माणसासमोर हात जोडून एवढेच म्हणत होती, "दारू नाही जी, औषध लागलं त्यायले." रुग्णालयात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. बा वाचला. पण पुढे त्याचे हात थरथरत राहिले आणि नजर अधू झाली. कागदावर विषबाधा असे कुठेही लिहिले गेले नाही. त्या हंगामाच्या हिशेबात वावरवाल्याकडे औषधाची किंमत आणि बाची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढेच नोंदले गेले असेल. बाचे हात कोणत्या रकान्यात लिहायचे?

शेतमालाचा उत्पादनखर्च काढणारा केंद्रीय कृषिमूल्य आयोग आहे. त्याच्या पद्धतीत बी, खत, कीटकनाशक, मजुरी, घरच्या माणसांचे श्रम, जमिनीचा खंड, भांडवलावरचे व्याज असे सर्व धरले जाते. हमीभाव त्यावर ठरतो, आणि तो योग्य मिळावा ही शेतकऱ्याची मागणी रास्तच आहे. पण या हिशेबात जमिनीतून काढून घेतलेला कस नाही, विहिरीत उतरलेले क्षार नाहीत, फवारणाऱ्याचे फुप्फुस नाही. जे हिशेबात नाही ते फुकट समजले जाते. आपल्या समाजात फुकट देण्याची सक्ती कोणावर होती, हे वाचकांस सांगावयास नको. वेठबिगारीची जुनी रीत नव्या शेतीत अशी आत शिरली.

४

पाण्याची गोष्ट निराळी नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत साडेचार हजारांहून अधिक चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल मुळातच खारे. तो दोष रासायनिक खतांच्या माथी मारता येणार नाही. पण अशा पाण्याने काळी चिकण जमीन भिजवली तर ती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरेनासे होते. अशा जागी जास्त पाणी मागणारे पीकच चूक ठरते. दुसरीकडे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला की हे तालुके अतिशोषित ठरले. बोअर खोल खोल गेले. ज्याच्याजवळ पैसा तो आणखी खोल जातो. वस्तीची उथळ विहीर मात्र आधी कोरडी पडते.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचे प्रमाण जास्त असलेल्या देशातील जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ यांची नावे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. अमरावती जिल्ह्यातील दर पाच नमुन्यांपैकी सुमारे चार नमुने तिच्या पुढे गेले. यात सांडपाणी आणि उकिरडे यांचाही हात असतो. पण पिकाने न उचललेला युरिया पावसाबरोबर खाली उतरतो, हे त्याचे मोठे कारण आहे. असे पाणी तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. ज्याच्या घरी शुद्ध पाण्याचे यंत्र आहे तो सुटतो. १९२७ साली महाडला आपण पाण्याचा हक्क मागितला. आज विहिरीवर जाण्यास कोणी अडवत नसेल, पण त्या विहिरीत काय आहे हे विचारण्याचा हक्क आपण अजून बजावलेला नाही.

५

विष आणि पाणी निदान दिसतात. तणाची गोष्ट तर दिसतही नाही. माझी माय निंदणाला जाई तेव्हा येताना ओट्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, तरोटा घेऊन येई. पाटलाच्या लेखी ते तण. आमच्या घरी ती रात्रीची भाजी. ज्वारी निघाली की बाया सरवा वेचत, त्यावर काही दिवस निघत. मजुरीही पुष्कळदा ज्वारीत मिळे. ज्वारी गेली, सोयाबीन आले. सोयाबीनची भाकर होत नाही. मजुरी रोख झाली हे चांगलेच झाले, कारण धान्याच्या मापात कशी लबाडी चाले ते आम्हांस ठाऊक आहे. पण ताटातली भाजी आणि भाकर एकाच वेळी दुकानात गेली, हेही खरे.

आता तणनाशक आले आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मंजुरी नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बी जाहीरपणे पेरले. त्यांचे म्हणणे असे, की निंदणाला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. तंत्र निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास हवे. कोरडवाहू शेतकऱ्याची ती अडचण खोटी नाही. निंदण हे दिवसभर वाकून करायचे काम आहे. ते कायम राहावे म्हणून मी हे लिहीत नाही. माझ्या मायची कंबर त्यातच गेली. प्रश्न असा की निंदणाचा वाचलेला पैसा शेतकऱ्याच्या खिशात राहतो की बियाणे-औषधांच्या दुकानात जातो? आणि ज्या बाईचे पावसाळ्यातील काम गेले तिला दुसरे कोणते काम मिळाले? या तंत्राच्या सभेला ती बाई बोलावलेली नव्हती.

६

येथे कोणी म्हणेल, मग परत जुन्या शेतीकडे चला. या हाकेपासून आपण सावध राहिले पाहिजे. अमरावतीचेच श्री. सुभाष पाळेकर यांनी देशी गाईचे शेण आणि गोमूत्र यांवर आधारलेली, बाहेरचे काही विकत न घेणारी शेती मांडली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रसायनांचा खर्च आणि विष टाळण्याचा त्यांचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. पण दलित वाचक तेथे थबकतो. गाय कोणाच्या गोठ्यात आहे? शेण कोणी उचलायचे? गावरानी कापसाच्या काळात जमीन निरोगी होती, परंतु गाव निरोगी नव्हते. त्याच गावात आमचे आजे मेलेले ढोर ओढत होते. गावाच्या या रूपाविषयी बाबासाहेबांनी १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये घटना समितीत जो इशारा दिला तो विसरून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही.

तसेच, हा विचार बाहेरून आलेला आहे, आपल्या चळवळीशी त्याचा संबंध नाही, असेही कोणी समजू नये. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने हिरावलेली गायराने, वाहून जाणारी माती आणि खताला मुकलेले शेत यांची मांडणी केली आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत, बी पुरविण्याची जबाबदारी राज्याने घ्यावी, असे मांडले. बी आणि खत कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न त्यांनी हायब्रीड येण्यापूर्वीच विचारला होता. आपण त्यातील जमीन घेतली आणि बी विसरलो. १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी गायरानाचा प्रश्न देशापुढे आणला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. पण कितीतरी गायरानधारकांच्या नावे आजही सातबाऱ्याचा उतारा नाही. उतारा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि शेतकरी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक मदतीचा पहिला कागद तोच.

७

मग कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार कामे आज करता येण्याजोगी आहेत.

एक, विषबाधेची नोंद. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या २६ व्या कलमान्वये विषबाधेच्या घटना कळविणे राज्य सरकार बंधनकारक करू शकते. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे सांगितले आहेत. गावात कोणाला औषध लागले तर डबा बरोबर घेऊन रुग्णालयात जावे आणि डब्यावरील नाव केसपेपरवर लिहून घ्यावे. काही विषांवर अ‍ॅट्रोपिनचा उतारा चालतो; काहींवर खास उतारा असा नाहीच. त्यामुळे नाव कळणे हा जिवाचा प्रश्न असतो. आमच्या बाच्या वेळी हे कोणी सांगितले नाही.

दोन, पाणी. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने वस्तीच्या विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी दरवर्षी तपासावे व आकडे ग्रामसभेत वाचावेत. यास फार पैसा लागत नाही.

तीन, बी. लवकर निघणारी, सरळ वाणे आणि गावरानी कापूस, तुरी-ज्वारीचे आंतरपीक, फरदड बंद, या गोष्टी कृषी शास्त्रज्ञही सांगतात. सरळ वाणाचे बी घरी ठेवता येते. ज्यांना गायरानाचे दोन एकर मिळाले आहेत त्यांनी मोठ्या शेतकऱ्याची नक्कल करून कर्जात जाऊ नये.

चार, पंपामागे मजुरी ठरवण्याची पद्धत थांबावी. तासांवर ठरावी, साधने वावरवाल्याने द्यावीत, आणि तणनाशकाने ज्यांचे निंदण गेले त्यांना रोजगार हमीवर बांधबंदिस्तीचे काम मिळावे. वाहून जाणारी माती अडवणे हे काम आपल्या हातांना येते.

कोरडवाहू शेतकरी आपला शत्रू नाही. त्याचाही हिशेब तोट्यातच आहे, हे मी वर्गातल्या कागदांवर पाहिले आहे. पण त्याच्या तोट्याची निदान नोंद होते. एकरी उतारा ज्यांच्या अंगावरून वाढवला त्यांची नोंद व्हायची आहे.

त्या मुलीला मी नंतर सांगितले, की उजवीकडची बाजू कोरी ठेवू नको. मायची कंबर लिही, बाचे डोळे लिही, नळाला पाणी नसते त्या दिवशी विहिरीवरून आणलेले पाणी लिही, न मिळालेली भाजी लिही. त्यासमोर रुपये मांडता आले नाहीत तरी चालेल. तिने दुसऱ्या दिवशी कागद आणून दिला. दोन्ही बाजू भरल्या होत्या. उजवीकडे जागा पुरली नव्हती म्हणून तिने मागच्या पानावर लिहिले होते. तो कागद मी जपून ठेवला आहे. पुढल्या वर्षी 'फायदे व तोटे' शिकवताना पुस्तकाआधी तोच वाचून दाखवणार आहे.